सेवा शिकायची? आधी दुसऱ्याची नखं कापता येऊ द्या

लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ, लागला की आमच्या मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, तरुण पोरं माझ्याकडे येतात. "सिस्टर, या वर्षी काहीतरी सेवा करायची आहे." बेत बहुतेक ठरलेलाच असतो. स्टेशनजवळ पांघरुणं वाटायची, बॅनर कुठे छापायचा, टेम्पो कुणाचा. एप्रिलच्या उन्हात, पुण्यात, पांघरुणं! मी सगळं ऐकून घेते, चहा टाकते आणि विचारते, "दुसऱ्याच्या पायाची नखं कापता येतात का?"

पोरं एकमेकांकडे बघतात.

मी ३४ वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते. आता गुरुवार पेठेत दोन खोल्यांत राहते, पंचहौद चर्चच्या मनोऱ्यातल्या घंटा घरात ऐकू येतात. माझी मंडळी कुठली ते सांगत नाही, कारण पुढे थोड्या तक्रारी आहेत. इथे लिहिते आहे ते पोरांना दरवर्षी तोंडी सांगते तेच. यंदा एक जण म्हणाली, "लिहूनच द्या ना, म्हणजे पुन्हा पुन्हा विचारायला नको." म्हणून हा खटाटोप.

प्रार्थनेला आपण साधना म्हणतो, उपवासाला म्हणतो, रोजच्या शास्त्रवाचनालाही म्हणतो. मन असो नसो, वेळ झाली की बसायचं, हे त्यात आपण धरून चालतो. सेवेचं मात्र उलटं. मन भरून आलं की करायची, ओसरलं की थांबायची. वॉर्डात असं चालत नाही. तुमचं घरी कडाक्याचं भांडण झालेलं असो, १२ नंबरच्या पेशंटला बेडपॅन लागणार म्हणजे लागणारच. आधी हात जातात, मन मागून येतं. कधी कधी येतही नाही, पण पेशंट कोरडा राहतो. म्हणून एक माणूस, एक वार, एक तास ठरवा. लेंटचे ४० दिवस एवढंच सांभाळा. दोन माणसं घेऊ नका, उत्साह असला तरी नको. जमणार नसेल तर आदल्या दिवशी फोन करा, कारण समोरचं माणूस तुमची वाट बघत सकाळपासून दार उघडं ठेवून बसलेलं असतं.

योहानाच्या शुभवर्तमानातला १३ वा अध्याय तुम्ही शंभरदा ऐकला असेल. मी तो नर्सच्या नजरेने वाचते. प्रभू येशू जेवणावरून उठतो, अंगावरचं वस्त्र काढून ठेवतो, रुमाल घेऊन कंबरेला बांधतो, भांड्यात पाणी ओततो, मग एकेका शिष्याचे पाय धुतो आणि त्या बांधलेल्या रुमालानेच पुसतो. ड्रेसिंगची ट्रॉली लावावी तशी तयारी, एक पायरी चुकलेली नाही. आणि शेवटी तो ओला, मळलेला रुमाल कुणाच्या कंबरेला? त्याच्याच.

त्याच जेवणाची आणखी एक गोष्ट लूकने २२ व्या अध्यायात सांगितली आहे. शिष्यांचा वाद चालला होता, आपल्यात मोठा कोण. पाय धुळीने भरलेले, पण उठायला कुणी तयार नाही, कारण ते काम घरातल्या दासाचं. आपल्याकडे सोसायटीचा चेअरमन कोण यावर रात्री ११ पर्यंत मीटिंग चालते आणि तुंबलेली मोरी तुंबलेलीच राहते, त्यातलाच प्रकार.

म्हणजे प्रभूने हा धडा मोठेपणासाठी भांडणाऱ्यांना दिला. आमच्या मंडळीत मात्र सेवेवरचा उपदेश नेमका महिला मंडळाच्या सभेत होतो. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीच्या सभेत मी तो कधी ऐकला नाही. ज्या बाया पहाटे पाचला उठून घरादाराचं करतात, त्यांना आणखी नम्र व्हा म्हणून सांगायचं, आणि ज्यांनी स्वतःचा चहाचा कप कधी विसळला नाही ते पहिल्या बाकावर. एखाद्या सुनेचं तोंड बंद करायला कुणी "सेवा कर" म्हणत असेल, तर ते प्रभूच्या शिकवणुकीत बसत नाही. तिच्यासाठी लेंटची साधना म्हणजे कदाचित रोज एक तास कुणीही हाक न मारता झोपणं. शिष्य दमून परत आले तेव्हा प्रभूने त्यांना एकांतात जाऊन थोडा विसावा घ्यायला सांगितलं होतं, मार्कच्या ६ व्या अध्यायात आहे. हा लेख मी मुख्यतः पहिल्या बाकासाठी लिहिते आहे.

भांड्यांपासून सुरुवात

पुढच्या प्रीतिभोजनाला, म्हणजे मंडळीच्या एकत्र जेवणाला, वाढायला जाऊ नका. वाढायला माणसं मिळतात. वाढणाऱ्याकडे सगळे बघतात, "मामा, रस्सा घ्या ना अजून" म्हणताना छान वाटतं. तुम्ही मागे नळापाशी जा. तिथे मटणाचे टोप आणि भाताची पातेली पडलेली असतात, आणि दोन-तीन मावश्या वर्षानुवर्षं त्याच असतात.

त्यांना "तुम्ही उठा, आम्ही करतो" म्हणायचं नाही. त्यांची पद्धत ठरलेली असते. "मावशी, मी काय करू?" एवढंच विचारा आणि सांगतील ते करा. बहुधा खरकटं काढायला लावतील. ते आधी बादलीत वेगळं काढा, मोरीत सोडलंत तर अर्ध्या तासात पाणी तुमच्या घोट्यापर्यंत येईल. करपलेल्या स्टीलच्या पातेल्यात कढत पाणी आणि मूठभर धुण्याचा सोडा घालून ठेवून द्या. जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, टोपाला मात्र सोडा लावू नका, काळा पडतो. त्याला चिंचेचं पाणी. हे मला एका मावशीनेच सांगितलं, मी सोडा घातल्यावर.

सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्ट यांनी मठातल्या बंधूंसाठी जी नियमावली लिहिली, तिच्यात स्वयंपाकघराची पाळी आहे. आठवडाभर ज्याची पाळी, त्याने शनिवारी हात-पाय पुसायचे टॉवेल धुवायचे, भांडी स्वच्छ आणि शाबूत कोठीवाल्याच्या हवाली करायची, आणि पाळी संपणारा व सुरू होणारा अशा दोघांनी मिळून सगळ्यांचे पाय धुवायचे. टॉवेल, भांडी, पाय, सगळं एकाच दमात. मला तो माणूस फार आवडतो. त्याने हेड सिस्टरचं काम उत्तम केलं असतं.

आता नखं

आमच्या गल्लीत एक आजी होत्या. वय ८० च्या पुढे, कंबर वाकलेली, डोळ्याला मोतीबिंदू. मुलगा-सून चांगली, जेवण-औषध वेळेवर. पण पायाची नखं कोण कापणार? स्वतःला वाकता येत नाही, सुनेला सांगायला संकोच. नखं वाढून चपलेत टोचायला लागली म्हणून त्यांनी चालणंच कमी केलं होतं, आणि घरचे म्हणत होते, गुडघे दुखत असतील. वॉर्डातही मी हेच बघत आले. म्हाताऱ्या माणसाचे पाय पांघरुणाखालून बाहेर काढले की कळतं, किती दिवसांत त्यांना कुणी हात लावलेला नाही.

हे काम शिकायला एक दुपार पुरते. उजेडाला खुर्ची ठेवा. टब, कोमट पाणी, दोन जुने टॉवेल, मोठं नेलकटर, कानस, खोबरेल. आधी विचारा, "आजी, शुगर आहे का?" असेल तर पाय भिजवत ठेवायचे नाहीत, नुसते धुऊन पुसायचे. पायाला मुंग्या येत असतील, बधिरपणा असेल, जखम असेल, तर नेलकटर लावूच नका, डॉक्टरांना दाखवायला सांगा. शुगर नसेल तर पाच-दहा मिनिटं पाण्यात पाय ठेवू द्या, नख मऊ होतं. पाणी आपल्या कोपराने बघायचं, त्यांना "गरम आहे का" विचारून भागत नाही. बऱ्याच म्हाताऱ्या माणसांच्या पायाला चटका कळतच नाही.

तुम्ही खाली बसा. पाटावर बसा, जमिनीवर बसा, पण खाली. मांडीवर टॉवेल, टॉवेलवर त्यांचा पाय. इथे आजी हमखास पाय मागे घेतात. "अगं, नको, पायाला कशाला हात!" आपल्याकडे पाया पडणं नवीन नाही, वाकलं, शिवलं, उठलं. पण पाय हातात घेऊन पाऊण तास बसणं कुणालाच सवयीचं नाही. त्यांनाही नाही, तुम्हालाही नाही. थांबा. जबरदस्ती नको. प्रभू पाय धुवायला आला तेव्हा पेत्र या शिष्यानेही आधी नाहीच म्हटलं होतं.

पाय पुसताना बोटांच्या बेचक्या कोरड्या करायला विसरू नका, तिथेच चिखल्या होतात. नख सरळ रेषेत कापा. कोपरे गोल करायला आत शिरलात की नख मांसात वाढतं. अंगठ्याचं नख पिवळं, जाड, वाकलेलं असतं, ते एका घावात तोडायला जाऊ नका, कडेकडेने कपचा काढत चला. नखाखालचा मळ टोकदार वस्तूने उकरू नका. कुरूप असेल तर ब्लेडला हात लावायचा नाही, घरोघरी हाच उद्योग चालतो आणि मग पेशंट आमच्याकडे येतात. शेवटी कानस, टाचेच्या भेगांना खोबरेल. बेचक्यांत तेल नाही. आणि तेल लावलेल्या पायाने फरशीवर उठू देऊ नका, आधी मोजे घाला. सेवा करून कंबरडं मोडलं, असं व्हायला नको.

नखं कागदात गोळा करा. एकही सांडू देऊ नका. माझ्या या आजी हिंदू, त्यांच्या मते घरात नखं पडली की भांडणं होतात. शनिवारी कापायची नाहीत, तिन्हीसांजेला तर मुळीच नाहीत. मी वाद घातला नाही. रविवारची उपासना आटोपून सरळ त्यांच्याकडे जायची, उजेड असतानाच. पाय त्यांचे, वार त्यांचा.

तोंडाने काय करायचं? शक्यतो काही नाही. विसाव्या मिनिटाला आजी बोलायला लागतात. पानशेतच्या पुरात, १९६१ साली, घरात पाणी कसं शिरलं इथपासून सुनेच्या मोबाइलपर्यंत सगळं येतं. मध्ये उपदेश करू नका. स्वतःहून प्रार्थना सुरू करू नका, त्यांनी म्हटलं तर करा. आणि नखं कापून झाल्यावर हातात धर्मप्रचाराची पत्रिका ठेवू नका. पत्रिका ठेवली की बिल दिल्यासारखं होतं.

चहा दिला तर मात्र घ्यायचा. कुणाच्या हातचा चहा घ्यायचा हा आमच्या पेठेत साधा प्रश्न नाही. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये झालेल्या सभेत ख्रिस्ती मिशनऱ्यांकडून चहा-बिस्किटं दिली गेली, आणि टिळक-रानड्यांसारखी माणसं त्या प्रकरणात सापडून गोष्ट प्रायश्चित्तापर्यंत गेली. सगळं पुणं एका कपावरून ढवळून निघालं. तर आजीने कान तुटलेल्या कपात चहा दिला तरी प्या. तासभर त्यांनी तुमच्याकडून घेतलं, आता त्यांना द्यायचं असतं. "नको नको, घरून घेऊन आलेय" म्हणणारी माणसं मला सेवेच्या कामाला नको असतात.

फोन

घरी ठेवून या. कारण सांगते. दोन वर्षांपूर्वी आमच्यातल्या एका मुलाने, मनाने अगदी चांगल्या, आजींच्या पायाचा फोटो काढला आणि स्टेटसला टाकला. खाली वचनही लिहिलं. आजींच्या नातीने तो बघितला. भेगाळलेले पाय, वाढलेली नखं, मागे ओळखू येणारी घराची फरशी. घरात जे व्हायचं ते झालं, सुनेने काहीच बघितलं नाही असा त्याचा अर्थ लागला. दार चार महिने आम्हाला बंद. मंडळीत मात्र त्या फोटोचं कौतुक झालं, आणि मीही त्या दिवशी गप्प बसले, हे कबूल करते. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, असं मत्तयाच्या ६ व्या अध्यायात प्रभू म्हणतो. त्यामागे देणाऱ्याच्या गर्वाचा विचार आहे, हे आपण ओळखतो. पण घेणाऱ्याची अब्रूही त्यातच झाकली जाते, हे मला त्या चार महिन्यांत समजलं.

माझा डबा

माझीच फजिती सांगते. निवृत्त झाल्यावर मी आमच्या इमारतीतल्या एका एकट्या काकांना दर बुधवारी डबा द्यायचं व्रतच घेतलं. पोळी-भाजी, कधी भाकरी, सुकं मटण. आठ महिने एक बुधवार चुकवला नाही. डबा घासून, पुसून परत यायचा. मी मनातल्या मनात स्वतःला शाबासकी देत होते. मग एकदा जिन्यात वॉचमन म्हणाला, "सिस्टर, तुमच्या हातचं मटण एक नंबर असतं."

काकांना दात नव्हते. कवळी टोचायची म्हणून ते घालत नसत. आठ महिन्यांत मी एकदाही विचारलं नव्हतं, काका, काय चालतं तुम्हाला? डबा मला द्यायचा होता, म्हणून त्यांनी तो घेतला. खरं पाहिलं तर त्या आठ महिन्यांत सेवा त्यांनी माझी केली.

लाज बाजूला ठेवून विचारलं तेव्हा ते म्हणाले, "जेवणाचं होतं हो. नोव्हेंबरात बँकेत याल का बरोबर?" हयातीचा दाखला. म्हाताऱ्या बोटांचे ठसे झिजून जातात, मशीन ते घेत नाही, काउंटरवरचा मुलगा "पुन्हा लावा, पुन्हा लावा" म्हणतो, मागे रांग वैतागते, आणि जिवंत माणूस जिवंत असल्याचा पुरावा देता देता रडकुंडीला येतो. मी गेले. रिक्षा, जिना, टोकन, तीन तास. अंगठा उमटेना, तर्जनीवर निभावलं. तेव्हापासून दर नोव्हेंबरचा तो दिवस त्यांचा. डब्यापेक्षा हे सोपं आहे, आणि सांगण्यासारखं यात काहीच नाही.

तेव्हा जायच्या आधी विचारा. आणि विचारल्यावर जे उत्तर येईल ते तुम्हाला न आवडण्याची तयारी ठेवा. ससूनच्या आवारात पेशंटचे नातेवाईक दिवसचे दिवस बसून असतात, त्यांना फळं वाटायला पुष्कळ येतात. विचारून बघा, त्यांना बहुतेक दोन तास हवे असतात. कुणीतरी पेशंटजवळ बसावं आणि आपण जाऊन आंघोळ करावी, कपडे धुवावेत, झोपावं. अर्थात सिस्टरांना विचारून, ओळख देऊन. केळी देणं दोन मिनिटांचं काम आहे, स्टुलावर दोन तास बसणं नाही.

पंडिता रमाबाईंचं नाव आपण मंडळीत उठता-बसता घेतो. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन अनाथ मुली आणि विधवांना घेऊन आल्या, आणि दौंड लाइनवरच्या केडगावात त्यांचं मुक्ती मिशन उभं राहिलं. सगळे तिथवर सांगतात. मला जास्त लागतं ते पुढचं. कलकत्त्याच्या पंडितांनी जिला 'सरस्वती' म्हटलं, ती संस्कृतात मुरलेली बाई उतारवयात वर्षानुवर्षं हिब्रू आणि ग्रीकवरून शास्त्राचं मराठी करत बसली. कसलं मराठी? अल्पशिक्षित बाईला कळेल असं. ते काम उरकता उरकता १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, आणि छापखान्यात मिशनमधल्या बायाच राबल्या. आपली विद्वत्ता गुंडाळून समोरच्या बाईला पेलेल तो शब्द शोधायचा, हा मला पाय धुण्याचाच प्रकार वाटतो.

आणि यहूदा, प्रभूला धरून देणारा शिष्य. त्या रात्री धुतलेल्या पायांत त्याचेही पाय होते, तो उठून बाहेर गेला तो नंतर. वॉर्डात एक पेशंट मला रोज आईवरून शिवी द्यायचा, जातीवरून तर वेगळीच. मी त्याचं ड्रेसिंग इतरांइतक्याच हलक्या हाताने केलं, हे छातीवर हात ठेवून सांगते. मनातून काय चाललं होतं ते विचारू नका. याची कृती मला लिहून देता येत नाही.

माझा गुडघा

मागच्या पावसाळ्यात माझ्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सहा आठवडे वाकायचं नाही. ३४ वर्षं दुसऱ्यांना स्पंज केलं, आणि आता कुणी मला हात लावायचा म्हटलं की अंगावर काटा. बहीण आली, तिला मी दोन दिवसांत भांडून परत पाठवली. मग मंडळीतली ती पोर यायला लागली, हा लेख लिहा म्हणणारी. पांघरुणांचा बॅनर छापायला निघाली होती तीच.

एका रविवारी ती टब घेऊनच आली. मी म्हटलं, "राहू दे गं, मी करीन नंतर." तिने विचारलं, "नंतर म्हणजे कधी? वाकणार कशा?" पाणी ओतलं, कोपराने बघितलं. मी म्हटलं, टॉवेल आधी मांडीवर घे. घेतलाच होता. मी म्हटलं, उजेडाकडे तोंड करून बस. ती म्हणाली, "सिस्टर, गप्प बसा जरा."

मी गप्प बसले. खिडकीतून रविवारच्या घंटा ऐकू येत होत्या. तिने बेचक्या नीट पुसल्या, अंगठा सावकाश घेतला, कपचा काढत. करंगळीचं नख मात्र तिने गोल कापलं, कोपऱ्यात आत शिरून. मला दिसलं. मी काही बोलले नाही. तिने मोजे घातले, कागद गुंडाळला आणि आत जाऊन चहा टाकला.